मुलांच्या पॅथॉलॉजीत फेलोशिप करायची असेल तर

एम.डी. पॅथॉलॉजीचा थीसिस जमा झाला की रेसिडेंटच्या खोलीत पुढच्या फेलोशिपची चर्चा सुरू होते. ऑन्कोपॅथॉलॉजी, हेमॅटोपॅथॉलॉजी, त्वचा, किडनी ही नावं लगेच निघतात. मुलांच्या पॅथॉलॉजीचं नाव फार थोडे जण घेतात. हा लेख त्या थोड्यांसाठी आहे, आणि ज्यांच्या मनात हा विचार अजून आलेलाच नाही त्यांच्यासाठीही. माझं मत आधीच सांगून टाकतो. या शाखेतली फेलोशिप संस्थेच्या नावावरून निवडू नका. तिथल्या ग्रॉसिंगच्या टेबलावर वर्षभरात काय काय येतं आणि त्यातलं किती फेलोच्या हातात दिलं जातं, हे पाहून निवडा.

वेगळं प्रशिक्षण कशाला लागतं

मोठ्या माणसांच्या अवयवांत ‘नॉर्मल’ काय, हे एकदा शिकलं की बराच काळ पुरतं. मुलांमध्ये ते वयाबरोबर सरकत राहतं. अठ्ठावीस आठवड्यांच्या गर्भाच्या किडनीत बाहेरच्या कडेला नवे ग्लोमेरुलस अजून घडत असतात. साधारण छत्तिसाव्या आठवड्याला हे काम थांबतं. गर्भाच्या यकृतात रक्तपेशी तयार होताना दिसणं स्वाभाविक आहे, पण सहा महिन्यांच्या बाळात तेच दिसलं तर कारण शोधावं लागतं. म्हणून या शाखेत स्लाइड पाहण्याआधी वय विचारायचं असतं, तेही दिवसांत आणि आठवड्यांत. ‘वय १ वर्ष’ असं लिहिलेला फॉर्म अनेकदा पुरत नाही.

न्यूरोब्लास्टोमाचं उदाहरण घ्या. कमी परिपक्व पेशींची गाठ आहे आणि विभाजन होणाऱ्या पेशी कमी आहेत, असं चित्र दीड वर्षाखालच्या बाळात दिसलं तर आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ते अनुकूल धरलं जातं. तीन वर्षांच्या मुलात अगदी तेच चित्र प्रतिकूल ठरतं. एकाच चित्राचा अर्थ जन्मतारखेनं बदलतो, आणि त्या अर्थावर किमोथेरपी किती द्यायची हे ठरतं.

हिर्शस्प्रंगच्या आजारात तर चूक होण्याच्या जागाच जास्त आहेत. बाळाला पहिली काळी शी वेळेत झालेली नसते, पोट फुगलेलं असतं, हिरवी उलटी होते. साधारण ५,००० जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. सर्जन गुदाशयाच्या आतल्या अस्तराचा काही मिलिमीटरचा तुकडा सक्शन बायोप्सीनं काढतो आणि एकच प्रश्न विचारतो: गँगलिऑन पेशी आहेत की नाहीत? ‘नाहीत’ हे उत्तर देणं अवघड आहे, कारण तुकड्यात सबम्युकोसा पुरेसा आला नसेल तर पेशी असूनही सापडत नाहीत. डेंटेट रेषेच्या फार जवळून तुकडा घेतला असेल तर तिथं त्या मुळातच कमी असतात. नवजात बाळातल्या गँगलिऑन पेशी लहान आणि अपरिपक्व असतात. मोठ्यांच्या आतड्याची सवय असलेला डोळा त्यांना एंडोथेलियल पेशी किंवा प्लाझ्मा पेशी समजून पुढं जातो. त्यामुळे डझनावारी छेद पाहायचे, कॅलरेटिनिन लावून अस्तरातले बारीक मज्जातंतू आहेत का ते तपासायचं, आणि तुकडा अपुरा असेल तर ‘अपुरा’ असं निःसंकोच लिहायचं. हे शिकायला मागच्या काही वर्षांच्या जुन्या केसेस आणि शेजारी बसलेला जाणता माणूस, दोन्ही लागतात.

नंतर पुल-थ्रू शस्त्रक्रियेच्या वेळी फ्रोझन येतं. आतडं कुठून जोडायचं ते तुमच्या शब्दावर ठरतं. आजारी आणि निरोगी भागांमधला पट्टा सगळीकडून सारखा नसतो, म्हणून जोडण्याच्या टोकाचं पूर्ण कडं पाहण्याचा आग्रह चांगले बालपॅथॉलॉजिस्ट धरतात. सर्जन हातमोजे घालून थांबलेला असताना हा आग्रह धरायला जे बळ लागतं, ते फेलोशिपच्या वर्षातच अंगात येतं.

बिलियरी अॅट्रेशियाचा प्रश्न आपल्याकडे आणखी घाईचा असतो. नवजात बाळाची कावीळ आपोआप उतरते, कोवळं ऊन दाखवा, असं घरात आणि कधी दवाखान्यातही सांगितलं जातं. बाळाची शी पांढरट होते आहे याकडे लक्ष जाईपर्यंत दीड महिना उलटतो. जपानमध्ये मोरिओ कासाई यांनी १९५९ मध्ये मांडलेली शस्त्रक्रिया बाळ ६० दिवसांचं होण्याआधी झाली तर तिचा निकाल चांगला लागतो. पन्नासाव्या दिवशी आलेल्या यकृताच्या बायोप्सीत पित्तनलिका वाढल्या आहेत का, त्यात पित्ताचे गुठळे आहेत का, की हा नवजात हिपॅटायटिस आहे, हे सांगायला तुमच्याकडे आठवडा नसतो. अशा केसमध्ये रिपोर्ट दुसऱ्या दिवशी देणाऱ्या विभागात शिकणं आणि दहा दिवसांनी देणाऱ्या विभागात शिकणं, यात फार फरक पडतो.

गाठी

या शाखेची पायाभरणी करणाऱ्यांत बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातले सिडनी फार्बर यांचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं. ते पॅथॉलॉजिस्ट होते, आणि मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर औषधानं तात्पुरती का होईना पण सुधारणा होते, हे त्यांनी १९४८ मध्ये दाखवलं. ते अमिनोप्टेरिन औषध लेडर्ले कंपनीत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या गटानं तयार केलं होतं. शवविच्छेदनाच्या टेबलावर मुलांचा आजार रोज पाहणाऱ्या माणसालाच वॉर्डात जाऊन उपचाराचा प्रयोग करावासा वाटला, ही गोष्ट मला या शाखेच्या स्वभावाबद्दल बरंच सांगून जाते. इथला पॅथॉलॉजिस्ट वॉर्डापासून दूर राहून चांगलं काम करूच शकत नाही.

मुलांच्या गाठी पुष्कळदा एकसारख्या दिसतात: लहान, गोल, निळ्या पेशींचे थर. न्यूरोब्लास्टोमा, रॅब्डोमायोसार्कोमा, युइंग, लिम्फोब्लास्टिक लिम्फोमा, विल्म्सचा ब्लास्टेमाचा भाग, सगळे एका पंगतीला बसतात. फॉक्स-टू-बी, मायोजेनिन, डेस्मिन, सीडी-९९, टीडीटी, डब्ल्यूटी-१ या रंगांनी वाट निघते, पण सीडी-९९ लिम्फोब्लास्टिक लिम्फोमातही लागतो हे विसरणारे रिपोर्ट अजूनही पाहायला मिळतात. आयएनआय-१ हा रंग पेशींतून नाहीसा झालेला दिसला तर रॅब्डॉइड गाठीचा विचार करायचा. पुढचं काम रेणूंच्या पातळीवर: युइंगमध्ये ११ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांची अदलाबदल, रॅब्डोमायोसार्कोमात फॉक्स-ओ-वनचं जोडकाम, न्यूरोब्लास्टोमात एम-वाय-सी-एनच्या वाढलेल्या प्रती. जागतिक आरोग्य संघटनेनं गाठींच्या वर्गीकरणाच्या पाचव्या मालिकेत पहिल्यांदाच मुलांच्या गाठींसाठी स्वतंत्र खंड काढला. तो खंड फेलोशिपच्या पहिल्या दिवसाआधी वाचून काढण्यासारखा आहे.

मात्र पहिल्या दिवशी तुमची परीक्षा मायक्रोस्कोपवर होणार नाही, ती ग्रॉसिंगच्या टेबलावर होईल. विल्म्सची किडनी आली की अधीर रेसिडेंट ती मधून चिरतो आणि मग बाहेरून शाई लावतो. शाई चिरेत शिरते, आणि कॅप्सूल फुटलं होतं की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. आधी वजन, फोटो आणि शाई, मग छेद. कॅप्सूल सोलायचं नाही. गाठीच्या सर्वांत मोठ्या मापाच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे किमान एक ब्लॉक. रीनल सायनसमधून भरपूर ब्लॉक, कारण स्टेज बहुतेक वेळा तिथंच बदलते. उरलेल्या निरोगी दिसणाऱ्या किडनीतूनही ब्लॉक, नेफ्रोजेनिक रेस्ट शोधायला. फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी ताज्या गाठीचा छोटा तुकडा गोठवून ठेवायचा.

इथं आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. युरोपच्या सायोप पद्धतीत विल्म्सला आधी किमोथेरपी आणि मग शस्त्रक्रिया. अमेरिकेच्या कॉग गटाच्या पद्धतीत बहुतेकदा आधी शस्त्रक्रिया. त्यामुळे एकाच गाठीचं स्टेजिंग आणि जोखमीचा गट दोन पद्धतींत वेगळ्या रीतीनं ठरतो. सायोपमध्ये किमोनंतर उरलेल्या गाठीत ब्लास्टेमा जास्त असेल तर ती उच्च जोखमीची, तर कॉगमध्ये अॅनाप्लेशियाला जास्त वजन. भारतात दोन्ही पद्धतींनी काम करणारी केंद्रं आहेत. म्हणून तुमच्या फेलोशिपच्या संस्थेत कोणती पद्धत चालते ते विचारा आणि दुसरी स्वतः शिका. रिपोर्टवर पद्धतीचं नाव न लिहिता नुसतं ‘स्टेज २’ लिहिणं ही उणीव आहे.

वार आणि गर्भ

बहुतेक रेसिडेंट ज्याला टाळतात तेच या शाखेचं अर्धं अंग आहे. प्रसूतीनंतर वार पिवळ्या पिशवीत जाते. मृत जन्म झाला, बाळाची वाढ खुंटलेली होती, आईला ताप होता, तरीही अनेक ठिकाणी जाते. वास्तविक वारेचं परीक्षण स्वस्त आहे. नाळ आणि पडदे काढून वजन करायचं, नाळ कुठं जोडलेली आहे आणि तिला किती पीळ आहेत ते लिहायचं. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅमला ठरलेल्या सर्वसंमत पद्धतीप्रमाणे किमान चार ब्लॉक घ्यायचे: एक पडद्यांची गुंडाळी आणि नाळेचे छेद, तीन पूर्ण जाडीचे. आईकडच्या रक्तपुरवठ्यात बिघाड होता की बाळाच्या रक्तवाहिन्यांत, संसर्ग होता की नाही, हे त्यातून कळतं आणि पुढच्या गरोदरपणात प्रसूतितज्ज्ञाला काय जपायचं ते सांगता येतं.

गर्भाच्या शवविच्छेदनाबद्दल तर मला आग्रहानं बोलायचं आहे. समजा सोनोग्राफीत डोक्याच्या मागे फुगा दिसला, एन्सेफलोसील असं निदान झालं आणि दांपत्यानं गर्भपाताचा निर्णय घेतला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं गर्भातल्या गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाच्या संमतीनं २४ आठवड्यांनंतरही हे शक्य आहे. नुसता न्यूरल ट्यूबचा दोष असेल तर पुढच्या वेळी तो पुन्हा होण्याची शक्यता साधारण ३ ते ५ टक्के, आणि गर्भधारणेआधीपासून जास्त मात्रेतलं फॉलिक ॲसिड देऊन ती कमी करता येते. पण शवविच्छेदनात हातापायाला सहावं बोट सापडलं, दोन्ही किडन्या मोठ्या आणि गाठीगाठींच्या निघाल्या, तर ते मेकेल-ग्रुबर सिंड्रोम. मग शक्यता दर गरोदरपणात २५ टक्के, आणि फॉलिक ॲसिडचा काही उपयोग नाही. आपल्याकडे मामेभावंडांत आणि आतेभावंडांत लग्नं होतात, त्यामुळे असे अप्रभावी जनुकांचे आजार विरळा नाहीत. त्या जोडप्याचं पुढचं सगळं नियोजन तुमच्या पानभर रिपोर्टवर उभं राहतं.

या कामासाठी लागणारं कसब साधं आहे पण शिस्तीचं आहे. पावलाची लांबी, डोक्यापासून बैठकीपर्यंत आणि टाचेपर्यंतची मापं, समोरून आणि बाजूनं फोटो, पूर्ण शरीराचा एक्स-रे, जनुकीय तपासणीसाठी त्वचेचा किंवा अन्य ऊतीचा फॉर्मॅलिनबाहेर ठेवलेला तुकडा. फॉर्मॅलिनमध्ये बुडवून आणलेल्या गर्भातून पेशी वाढवता येत नाहीत, म्हणून प्रसूतिकक्षातल्या सिस्टरशी आधीच बोलून ठेवावं लागतं. गर्भ आणि नवजात यांच्या मृत्यूंवर मोठं काम करणाऱ्या शिकागोच्या एडिथ पॉटर यांनी १९४६ मध्ये दोन्ही किडन्या नसलेल्या बाळांच्या चेहऱ्याची जी ठेवण नोंदवली, ती फक्त अवयव काढून सापडणारी नव्हती. चेहऱ्याकडे, हातांकडे शांतपणे पाहण्याची सवय हे या शाखेचं मूळ भांडवल आहे.

आई-बापांशी बोलणंही फेलोनं शिकायचं असतं. ‘ताई, असं का झालं ते शोधायचा आम्ही प्रयत्न करू. बाळाचा चेहरा आहे तसाच राहील. काही छोटे तुकडे तपासायला ठेवावे लागतील, ते ठेवायचे की नाही हे तुम्ही ठरवा.’ एवढं स्पष्ट बोललं की बऱ्याच घरांतून होकार येतो. लिव्हरपूलच्या ‘अल्डर हे’ रुग्णालयात मुलांचे अवयव पालकांना न सांगता ठेवून घेतल्याचं उघड झालं, २००१ मध्ये त्याचा चौकशी अहवाल आला, आणि त्यातूनच पुढं २००४ चा ब्रिटिश मानवी ऊतींचा कायदा झाला. ब्रिटनमध्ये संमतीबद्दल आज जी काटेकोर रीत दिसते तिच्या मागे त्या पालकांचं दुःख आहे. आपल्या विभागात संमतीचा स्वतंत्र मराठी फॉर्म नसेल तर तो लिहिण्याचं काम फेलोनं स्वतःहून घ्यावं.

कुठं शिकायचं

अमेरिकेत पीडियाट्रिक पॅथॉलॉजीची मान्यताप्राप्त फेलोशिप एका वर्षाची असते. ती पूर्ण केल्यावर अमेरिकन बोर्ड ऑफ पॅथॉलॉजीची उपशाखेची परीक्षा देता येते. ऐकायला सोपं वाटतं, पण त्या एका वर्षाआधी तिथली रेसिडेन्सी लागते: ॲनाटॉमिक आणि क्लिनिकल पॅथॉलॉजी मिळून चार वर्षं, नुसती ॲनाटॉमिक तीन वर्षं. भारतातल्या एम.डी.ची वर्षं साधारणपणे त्यातून वजा होत नाहीत. त्याआधी यूएसएमएलई स्टेप १ आणि स्टेप २ सीके, ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र आणि मग मार्चमधल्या मॅचचा निकाल. स्टेप १ चा निकाल २०२२ पासून नुसता उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा लागतो, त्यामुळे स्टेप २ सीकेच्या गुणांना भाव आला आहे. जे-१ व्हिसावर गेलात तर प्रशिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतायची अट लागते किंवा तिच्यातून सूट मिळवावी लागते. एच-१बीसाठी स्टेप ३ आधीच झालेली हवी. फेलोशिपचा अर्ज रेसिडेन्सी संपण्याच्या दीड-दोन वर्षं आधी करायचा असतो. फिलाडेल्फिया, बॉस्टन, सिनसिनाटी, ह्यूस्टन, सिअॅटल इथल्या मुलांच्या रुग्णालयांत ही प्रशिक्षणं चालतात. पॅथॉलॉजीच्या इतर लोकप्रिय उपशाखांपेक्षा इथं स्पर्धा कमी आहे, परंतु तिथपर्यंत पोचायला एकूण सहा-सात वर्षं लागतात हे घरच्यांनाही आधी सांगा.

ब्रिटनमध्ये मुलांची आणि गर्भाची पॅथॉलॉजी ही वेगळी शाखा मानलेली आहे आणि तिचं प्रशिक्षण हिस्टोपॅथॉलॉजीच्या सुरुवातीच्या वर्षांनंतर फुटतं. मुंबईत नोकरी करता करता एफआरसीपॅथची तयारी करणारे अनेक जण आहेत. ती परीक्षा जनरल मेडिकल काउन्सिलच्या नोंदणीसाठीही धरली जाते. तिथं या शाखेत माणसांची मोठी टंचाई आहे, त्यामुळे तयार माणसाला तिथं दार उघडं मिळतं. पण बालपॅथॉलॉजीचा अनुभव लॉगबुकात नसताना नुसत्या परीक्षेच्या जोरावर गेलात तर सल्लागाराच्या जागेपर्यंतचा रस्ता लांबतो.

कॅनडात टोरोंटोच्या सिककिड्ससारख्या ठिकाणी परदेशी डॉक्टर क्लिनिकल फेलो म्हणून येतात. पैसे कोण देणार, हे तिथं पहिलं विचारा. काही जागांना संस्थेचा पगार असतो, काहींसाठी आपल्या देशातल्या संस्थेचं किंवा सरकारचं पाठबळ आणावं लागतं. एक-दोन महिन्यांच्या ऑब्झर्व्हरशिपला फेलोशिप समजू नका. तिथं तुम्ही पाहता, सही करत नाही आणि ग्रॉसिंगला हातही लावत नाही. पाहण्याचा फायदा आहेच, फक्त त्यासाठी कर्ज काढू नका.

भारतातच शिकायचं असेल, आणि बहुतेकांनी भारतातच शिकावं असं मला वाटतं, तर डोळे उघडे ठेवून निवडा. नीट-एसएस आणि आयएनआय-एसएसमधून पॅथॉलॉजीवाल्यांना हेमॅटोपॅथॉलॉजी आणि ऑन्कोपॅथॉलॉजीचं डी.एम. करता येतं. त्यातल्या ज्या संस्थेत मुलांचे रुग्ण जास्त आहेत तिथं बालपॅथॉलॉजीचा मोठा भाग त्यातच शिकून होतो. मुंबईचं टाटा मेमोरियल गाठींसाठी, चंदीगडचं पीजीआय शवविच्छेदन आणि सीपीसीच्या परंपरेसाठी, वेल्लोरचं सीएमसी आणि दिल्लीचं एम्स सगळ्या अंगांसाठी. मज्जातंतू आणि स्नायूंच्या बायोप्सीसाठी बेंगळुरूचं निमहान्स, गर्भ आणि जनुकांसाठी मणिपाल, लखनौचं एसजीपीजीआय आणि हैदराबादचं सीडीएफडी. परळचं बाई जेरबाई वाडिया रुग्णालय १९२९ पासून फक्त मुलांसाठी आहे. अशा ठिकाणी सीनियर रेसिडेंट म्हणून केलेलं एक वर्ष कित्येक फेलोशिपांपेक्षा मोलाचं ठरतं, आणि पगारही मिळतो.

विद्यापीठाच्या फेलोशिपबद्दल एक खबरदारी घ्या. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या फेलोशिपा निरनिराळ्या संस्थांत चालतात आणि मान्यता संस्थागणिक असते. प्रवेश घेण्यापूर्वी त्या संस्थेला, त्या विषयासाठी, त्या वर्षाची मान्यता असल्याचं पत्र बघा. फेलोशिप ही डी.एम.ची जागा घेत नाही, अध्यापकपदासाठी तिचं वजन वेगळं आहे. एखाद्या रुग्णालयानं स्वतःच्या लेटरहेडवर दिलेल्या प्रमाणपत्राचा उपयोग शिकण्यापुरता. शिकायला भरपूर मिळत असेल तर तेही घ्या, पण समजून घ्या.

मुलाखतीत तुम्ही काय विचाराल

उमेदवार फक्त उत्तरं द्यायला जातो, ही आपली सवय बदलायला हवी. वर्षाला मुलांच्या किती सर्जिकल केसेस येतात आणि त्यांत गाठी किती? हिर्शस्प्रंगचं फ्रोझन रात्री आलं तर फेलोला बोलावतात का? गर्भाची शवविच्छेदनं कोण करतं, आणि जेनेटिक्सचा माणूस केस चर्चेला बसतो का? वार नियमित तपासली जाते की फक्त कोणी मागितली तर? फेलोला प्राथमिक रिपोर्ट स्वतः लिहायला मिळतो का, नंतर वरिष्ठ सही करतात का? ट्यूमर बोर्डात स्लाइड कोण दाखवतं? मागच्या दोन वर्षांतले फेलो आज कुठं आहेत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर टाळलं गेलं तर त्या फेलोंचा नंबर मिळवून त्यांना स्वतः फोन करा. तुमच्या पुढच्या वर्षाचा खरा वृत्तांत तेच सांगतील.

दोन संस्थांत निवड करताना जिथं गाठी कमी पण वार आणि गर्भ भरपूर, त्या जागेला कमी लेखू नका. गाठींवर दुसरं मत आज डिजिटल स्लाइड पाठवून मिळतं. टेबलावरचा गर्भ पाठवून कोणी शिकवू शकत नाही.

एम.डी. चालू असतानाच्या तयारीला पैसे लागत नाहीत. प्रसूती विभागाशी बोलून मृत जन्मांच्या वारा आपल्या विभागात आणण्याची घडी बसवा. थीसिसचा विषय मागताना मुलांचा विषय मागा. बालरोग विभागाच्या मृत्यू-परीक्षण बैठकीला पॅथॉलॉजीतर्फे जाऊन बसा. लॉगबुकात मुलांच्या केसेस वेगळ्या लिहा, वय दिवसांत लिहून. स्टॉकर आणि डेनर यांचं जाडजूड पुस्तक एकदम वाचू नका. केस आली की त्या अवयवाचं प्रकरण वाचा. गर्भासाठी कीलिंग यांचं पुस्तक जवळ ठेवा. ‘पीडियाट्रिक अँड डेव्हलपमेंटल पॅथॉलॉजी’ हे नियतकालिक ग्रंथालयात येत नसेल तर मागवायला सांगा. शिफारसपत्र अशा शिक्षकांकडून घ्या ज्यांनी तुमचं ग्रॉसिंग पाहिलं आहे. विभागप्रमुखांचं दोन ओळींचं पत्र निवड समितीला काहीच सांगत नाही.

मग नोकरी? हा प्रश्न खरा आहे. फक्त मुलांची पॅथॉलॉजी पाहायची जागा महाराष्ट्रात आणि गोव्यात मोजक्याच ठिकाणी आहे. पहिली काही वर्षं बहुतेकांना मोठ्यांची सर्जिकल पॅथॉलॉजीही पाहावी लागते, आणि तशी तयारी ठेवणं शहाणपणाचं आहे. परंतु मुलांच्या शस्त्रक्रिया आणि नवजात अतिदक्षता विभाग आता नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, नागपूरसारख्या शहरांत आहेत, आणि त्यांच्या बायोप्सी मुंबई-पुण्याला कुरिअरनं जातात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये मुलांच्या कर्करोगासाठी जो उपक्रम सुरू केला त्याचं उद्दिष्ट २०३० पर्यंत किमान ६० टक्के मुलं वाचवण्याचं आहे. ठरवलेल्या सहा कर्करोगांत विल्म्स आहे, रेटिनोब्लास्टोमा आहे. त्यातली बहुतेक निदानं स्लाइडशिवाय पुरी होत नाहीत. अशा शहरात बसलेला एक प्रशिक्षित बालपॅथॉलॉजिस्ट सर्जनला त्याच दिवशी फ्रोझन देऊ शकतो, प्रसूतितज्ज्ञाला वारेचा रिपोर्ट देऊ शकतो आणि जोडप्याला पुढच्या गरोदरपणाबद्दल नेमकं सांगू शकतो.

म्हणून जे आज दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आहेत त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या आठवड्यात तुमच्या विभागात मुलाची पहिली बायोप्सी येईल ती स्वतःकडे घ्या, बालशल्यचिकित्सकाला फोन करून बाळाचं वय दिवसांत विचारा, आणि ही शाखा आपली आहे का ते त्या केसवर ठरवा.